काटा तपासतो, तसा बिनतारी निरोपही तपासावा



गळीत हंगाम सुरू होण्याआधी वजनकाटा तपासला जातो. प्रमाणित वजने काट्यावर ठेवतात, जेवढे ठेवले तेवढेच काटा दाखवतो का ते बघतात, आणि मगच उसाची पहिली गाडी काट्यावर येते. 'काटा मारला' हा शब्द आपल्या सातारा-सांगली भागात किती झोंबतो, हे सांगायला नको. सगळ्यांचा हिशेब त्या एका आकड्यावर असतो.

परंतु आता हा आकडा नुसता पावतीवर राहत नाही. बऱ्याच कारखान्यांत तो संगणकात जातो आणि तेथून सभासदाच्या मोबाईलवर येतो. ऊस नोंद हातातल्या यंत्रावर होऊ लागली आहे. काही शेतांत जमिनीतली ओल सांगणारी यंत्रे बसली आहेत. यातले बरेच निरोप तारेवाचून, हवेतून जातात. मग काट्याची तपासणी होते, तशी या हवेतल्या वाटेची होते का? आणि होते ती कशी? ते आज समजून घेऊ.

भरलेली गाडी आणि रिकामी गाडी

ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर आली की आधी भरलेले वजन होते. ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचे होते. दोहोंतली वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. बिनतारी निरोपाचेही तसेच आहे. निरोप सलग धारेसारखा जात नाही, लहान लहान गाड्यांत भरून जातो. अशा एका गाडीला 'फ्रेम' म्हणतात. तिचा पुढचा भाग 'हेडर', आत भरलेला माल 'पेलोड'. आपला उसाचा आकडा पेलोडमध्ये असतो. पण हेडरशिवाय गाडी हलत नाही.

हेडरमध्ये काय असते? आपण ज्याला वाय-फाय म्हणतो, त्याचा पहिला जागतिक नमुना १९९७ साली ठरला. त्याच्या साध्या फ्रेमचे हेडर २४ बाईटचे. (० किंवा १ या एका खुणेला बिट म्हणतात, आठ बिटांचा एक बाईट.) पहिल्या दोन बाईटांत गाडीचा प्रकार, पुढच्या दोनांत वाट किती वेळ अडवणार ते, मग सहा-सहा बाईटांचे तीन पत्ते, आणि शेवटी दोन बाईटांत गाडीचा अनुक्रमांक. त्यामागे माल आणि सर्वांत शेवटी चार बाईटांची 'पडताळा बेरीज'.

ही बेरीज महत्त्वाची. पावतीच्या तळाला आपण एकूण लिहितो, तसेच हे. पाठवणारे यंत्र साऱ्या अंकांवरून हिशेब करून एक संख्या शेवटी जोडते. घेणारे यंत्र तोच हिशेब पुन्हा करते. जमला तर गाडी घेतली, नाही जमला तर टाकून दिली.

एवढी काळजी कशाला? हे उदाहरण बघा. तुमचा ऊस १४,२५० किलो भरला. यंत्राच्या भाषेत हा आकडा ० आणि १ यांनी लिहिला जातो. त्यातली ४,०९६ च्या घरातली एकच खूण वाटेत १ ची ० झाली, तर पलीकडे १०,१५४ किलो उमटतील. एका खुणेपायी ४ टन ९६ किलो ऊस गेला! पडताळा बेरीज अशी एका बिटाची चूक हटकून पकडते आणि पोच न आल्याने पाठवणारे यंत्र तो निरोप पुन्हा पाठवते.

चाचणीची गाडी कशी भरावी

काटा तपासताना वजन आधीच ठाऊक असलेली वस्तू लागते. बिनतारी वाट तपासतानाही आतला माल आधी ठाऊक असावा लागतो. म्हणून तंत्रज्ञ मुद्दाम चाचणीच्या फ्रेमा तयार करतो. हेडर आणि पेलोड दोन्ही तो स्वतः भरतो.

पहिली गोष्ट पत्ता. घेणाऱ्या यंत्राचा खरा पत्ता घालावा. तो चुकला, तर यंत्र निरोप ऐकूनही मुकाट सोडून देते, आणि आपण उगाच म्हणतो की रेंज नाही. 'सर्वांसाठी' असाही एक पत्ता असतो. पण त्यावर पाठवलेल्या फ्रेमची पोच येत नाही. दवंडी कुणी ऐकली हे दवंडीवाल्याला कळत नाही, त्यातला प्रकार.

दुसरी अनुक्रमांक. तो वाढता ठेवावा. म्हणजे हजार गाड्या सोडल्या, ९८८ पोचल्या, तर कोणत्या बारा राहिल्या तेही कळते. सलग बारा गेल्या असतील तर मध्येच काही आडवे आले. तुरळक गेल्या असतील तर वाटच कच्ची आहे.

तिसरी मालाची लांबी. आखूड निरोप सहज निसटून जातो, लांबलचक निरोप अडकतो. आखूड निरोपावर चाचणी पास करून घेणे म्हणजे रिकामी ट्रॉली ओढ्यातून काढून दाखवणे. वाय-फायच्या एका प्रचलित नियमात घेणाऱ्या यंत्राची कस लावताना १००० बाईटची गाडी धरतात आणि शंभरात दहापेक्षा कमी फुकट जाव्यात, अशी अट असते. गेलेल्या पुन्हा पाठवल्या जातात.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष माल. नुसती शून्ये भरली तर काही दोष दिसतच नाहीत. म्हणून वरवर विस्कळीत दिसणारी, पण दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेली अंकांची माळ वापरतात. पीएन-९ नावाची अशी माळ ५११ बिटांची असते आणि मग तीच पुन्हा सुरू होते. शिवाय एक-दोन गाड्यांची पडताळा बेरीज मुद्दाम चुकीची घालून बघावी. घेणाऱ्याने त्या टाकून दिल्या नाहीत, तर तो काटाच खोटा.

आणि पाचवी, आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी: चाचणीच्या निरोपावर 'चाचणी' अशी स्पष्ट खूण हवी. त्यासाठी कुणाही सभासदाचा खरा क्रमांक वापरू नये. नाहीतर चाचणीचा ऊस कुणाच्या तरी खात्यावर चढायचा!

उभ्या उसात चाचणी

लागण लहान असताना घेतलेली चाचणी निम्मीच समजावी. तोच ऊस डोक्यावर गेला, पावसाने पाने भिजली, की पाल्यातले पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून शेतातल्या यंत्राची चाचणी उभ्या, ओल्या फडात पुन्हा झाली पाहिजे.

वारणेचा अनुभव आणि मराठी संदेश

हे काम आपल्या शेजारीच होऊन गेले आहे. वारणा परिसरात १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन शाखेने तिथल्या सात गावांत आठ महिने तेच काम मोबाईलच्या छोट्या संदेशांवर करून पाहिले. संगणकावरची सगळी कामे मोबाईलवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक पसंत पडली. भारी यंत्र लागतेच असे नाही. आखूड पण बिनचूक निरोप पुरतो.

मात्र मोबाईलच्या संदेशात मालाची जागा १४० बाईटच. इंग्रजीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीत काना-मात्राही वेगळी खूण मोजली जाते आणि अशा ७० खुणांवर जागा संपते. त्याहून लांब झाला की संदेशाचे तुकडे होतात. तुकडे जोडण्यासाठी प्रत्येकात सहा बाईटचे जादा हेडर बसते आणि मालाला ६७ खुणाच उरतात. म्हणून मराठी संदेशात नाव-गाव नंतर, वजन आणि पावती क्रमांक आधी असावा, आणि चाचणी इंग्रजीत नव्हे, मराठीतच घ्यावी.

सभासदाने काय बघावे

एक मर्यादा ध्यानात ठेवा. पडताळा बेरीज एवढेच सांगते की पाठवले तेच पोचले. मुळात आकडा चुकीचा टाकला असेल, तर तो चुकीचा आकडाही बिनचूक पोचतो! त्यामुळे मोबाईलवर संदेश आला तरी काटापावती फेकू नका. दोन्हींतला पावती क्रमांक आणि निव्वळ वजन ताडून बघा. फरक दिसला तर बिल निघेपर्यंत थांबू नका. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, तेव्हा लगेच गट ऑफिसात पावती दाखवा.

आणि नवे बिनतारी यंत्र बसेल तेव्हा तीन प्रश्न विचारा. चाचणीला किती निरोप सोडले आणि किती पोचले? चाचणी उभ्या उसात झाली का? चाचणीच्या नोंदी खात्यातून वेगळ्या ठेवल्या का? काट्यावर उभे राहून वजन बघण्याचा सभासदाचा जो हक्क आहे, त्याच हक्काने हे विचारायचे आहे.