हंसपद

सकाळचे सहा वाजलेत आणि विहिरीच्या काठाशी आठ-दहा पोरं ओणवी झालीत. आज ज्येष्ठ शुद्ध पंचमी. मृगाच्या वाटेकडे सगळं कारंजा डोळे लावून बसलंय, पण आभाळात ढग नाही. कालच्या उन्हाची धग मंदिराच्या फरशीत अजून तशीच आहे. मी रात्रीच मुक्कामाला आलोय, कारण आज इथल्या जैन पाठशाळेतली मुलं पोथ्या उघडणार आहेत.

पोथ्यांच्या आधी पाणी. दहाएक वर्षांची एक मुलगी जाडसर खादीचं फडकं दुहेरी घडी घालून हंड्याच्या तोंडावर पसरते. तिच्याहून थोडा मोठा मुलगा बादली ओततो. पाणी गाळून झाल्यावर ती फडकं झटकत नाही. एका लहान बादलीवर ते उलटं धरते आणि गाळलेल्याच पाण्याची बारीक धार त्यावर सोडते. फडक्याला जे काही चिकटलं असेल, डोळ्यांना दिसणारं आणि न दिसणारं, ते त्या बादलीत उतरतं. याला जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीतली, त्याच विहिरीत परत गेली पाहिजे.

"वरून नको फेकू बे," मागून कोणीतरी ओरडतं. "पडून मरतील ना ते!"

लहान बादलीच्या तळालाही एक कडी आहे. मुलगा वाकून दोर हळूहळू सोडतो. बादली पाण्याला टेकते, कलंडते आणि आतलं पाणी आवाज न करता विहिरीत मिसळतं. मुलगा तरीही वाकून बघतच राहतो. त्याला काही दिसत नाही हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

"गाळलेलं पाणी किती वेळ चालतं?" मी विचारतो.

"४८ मिनिटं," तीन-चार जण एकदम. "एक मुहूर्त. मग परत गाळायचं." बोलता बोलता एकाने मनगटावरच्या घड्याळात गजर लावलाही. हा गजर आज दिवसभर वाजणार आहे आणि प्रत्येक वेळी दोघं जण हातातलं काम टाकून हंड्याकडे पळणार आहेत.

ही मुलं एरवी गावातल्या वेगवेगळ्या शाळांत जातात, कोणी मराठी, कोणी इंग्रजी. रविवारी सकाळी मात्र ती इथे एकत्र येतात. शाळांना सध्या सुट्टी असल्यामुळे गेले काही दिवस त्यांचं शिबिर चाललंय. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, ताईंच्या वयाच्या बायकासुद्धा.

कारंज्याला मुलांना असं एकत्र ठेवून शिकवण्याची सवय जुनी आहे. करमाळ्याच्या देवचंद शहांनी, म्हणजे पुढच्या समंतभद्र महाराजांनी, १९१८ साली इथे महावीर ब्रह्मचर्याश्रम काढला. इथून सुरू झालेली गुरुकुलांची ओळ पुढे कोल्हापूरजवळच्या बाहुबलीपर्यंत पोचली. समाज संख्येने लहान असला की त्याला शाळेची निकड आधी कळते. मुंबईत बेने इस्रायल समाजाच्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू असलेली ती मुलं. त्याच सुमारास, १८७४ साली, पुण्यात त्यांच्या वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत. त्या रात्री जेवणाआधी पहिला प्रश्न विचारायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा असतो. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असं त्याने विचारल्याशिवाय मोठ्यांना गोष्ट सांगायला सुरुवातच करता येत नाही.

हे आठवायला कारण घडतं. पोथ्या डोक्यावर घेऊन मंदिराला फेरी होते, चौरंगावर त्या मांडल्या जातात, पूजा होते आणि मग ताई विचारतात, "सगळ्यात लहान कोण आहे?"

सहा वर्षांची एक चिमुरडी पुढे ढकलली जाते. हात धुऊन, पुसून, ती पहिल्या पोथीच्या गाठीला बोटं लावते. गाठ जुनी आहे. सगळे गप्प. नाडी सुटते, लाल वेष्टनाची एकेक घडी उलगडत जाते, आतून कापूर आणि लवंगेचा फिकट झालेला वास येतो. दोन लाकडी पाट्या. वरची पाटी ताई उचलतात. आत सुटी, लांबट, तांबूस पडलेली पानं, काळीभोर अक्षरं आणि लाल दंड.

"काहून थांबली? लाव ना हात," ताई म्हणतात. "दोन्ही हातांनी. कडेनं. हां."

मला इथे भरून येतं, ते उगाच नाही. आमच्या घरी आजोबांच्या हातच्या पोथ्या होत्या, माळ्यावरच्या ट्रंकेत. आम्हा नातवंडांना त्यांना शिवायची बंदी होती. पोरं फाडतील, एवढंच कारण. बंदी आम्ही इमानाने पाळली. आजोबा गेल्यावर काही वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा वाळवीने आतून सगळं पोखरलं होतं. वरचं पान तेवढं शाबूत होतं. आमच्यापैकी कोणाचा हात वर्षातून एकदा त्या पोथ्यांना लागला असता तरी त्या आज असत्या.

अर्थात इथेही सगळं मुलांच्या हाती दिलेलं नाही. सर्वांत जुन्या पोथ्या कपाटातच आहेत, त्यांची वेष्टनं मोठी माणसं बदलतात. मुलांपुढे आहेत त्या दीड-दोनशे वर्षांच्या, पूजेच्या आणि कथांच्या कागदी प्रती. पण नियम तेच. पानं मोजायची, क्रमाने लावायची, कीड दिसली तर सांगायचं, कडुनिंबाची वाळलेली पानं कपाटात नव्याने ठेवायची, धुतलेलं वेष्टन घट्ट बांधायचं. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी वाचणाऱ्याला विनवून जातात की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला जप. एका पोथीच्या शेवटी संवत आणि शके दोन्ही दिलेत. दोन मुलं संवतातून ५७ वजा करतात, दोन मुली शकात ७८ मिळवतात. उत्तरं जुळतात तेव्हा क्रिकेटमध्ये विकेट पडल्यासारखा गलका होतो.

गजर वाजतो. दोघं पळतात.

सावलीत बसवून ताई आजच्या दिवसाची गोष्ट सांगतात. गिरनारच्या गुहेत राहणारे धरसेन आचार्य म्हातारे झाले. त्यांना पाठ असलेलं ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार होतं. त्यांनी निरोप धाडला, दोन तरुण मुनी आले. लगेच शिकवायला न बसता आचार्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला आणि साधायला सांगितलं. एका मंत्रात एक अक्षर जास्त होतं, दुसऱ्यात एक कमी. साधना झाली, देवी प्रकट झाल्या. एकीचे दात पुढे आलेले, दुसरी एका डोळ्याने आंधळी.

"मग?" ताई थांबतात.

"ते घाबरले?"

"नाही. त्यांनी विचार केला, की देवी अशी नसते. म्हणजे आपल्या मंत्रातच काही चुकलंय. आणि त्यांनी आपापलं अक्षर दुरुस्त केलं."

ते दोघे म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी रचलेला षट्खंडागम पुरा झाला तो हा दिवस, श्रुतपंचमी. गोष्ट इथे संपते, पण ग्रंथाची गोष्ट पुढे आपल्या वऱ्हाडात येते, आणि ती या मुलांना कळायला हवी असं वाटून मी ताईंची परवानगी घेऊन सांगतो. त्याची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला होती, जुन्या कानडी लिपीत. शतकानुशतकं त्यांचं फक्त दर्शन व्हायचं. वाचणारं कोणी उरलं नव्हतं, आणि छापायचं म्हटलं की पावित्र्य जाईल म्हणून विरोध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुठे नकला करायला सुरुवात झाली. आणि त्यावरच्या धवला टीकेसह पहिला खंड छापला गेला तो १९३९ साली, अमरावतीहून. संपादक हीरालाल जैन. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात ते शिकवत. १६ खंड व्हायला जवळपास वीस वर्षं लागली.

"आणि हे हीरालाल जैन," मी म्हणतो, "त्याच्याआधी कोणत्या गावच्या पोथ्या वाचत होते?"

कोणालाच माहीत नाही.

"तुमच्या. कारंज्याच्या."

मुलं एकमेकांकडे बघतात. इथल्या भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्यांनी त्यांना वेड लावलं होतं. कारंजा ग्रंथमालेत १९३४ साली त्यांनी कनकामर मुनींचं करकंडचरिउ काढलं. त्यातला राजा तेरापूरजवळच्या डोंगरात लेणी बघतो. त्या वर्णनावरून त्या लेण्यांची सांगड धाराशिवच्या लेण्यांशी घातली गेली. इथल्या कपाटातल्या पानांनी तिथल्या डोंगराची ओळख पटवली. मला तर ही गोष्ट गावाच्या वेशीवर लिहून ठेवावीशी वाटते. कारंज्याची कापसाची नियंत्रित बाजारपेठ देशातली पहिली, १८८६ची, हे इथल्या अडत्यापासून हमालापर्यंत कोणीही सांगतं. पोथ्यांचंही तसंच तोंडावर असायला हवं.

जेवणं दहाला उरकतात. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, कैरीचं पन्हं. ताटात कांदा नाही, बटाटा नाही. उन्हाने आवार रिकामं होतं आणि मुलं आतल्या खोलीत बोरू घेऊन बसतात.

काजळ आणि डिंकाची शाई त्यांनी परवाच घोटलीय. भिंतीवर एका जुन्या पानाची झेरॉक्स डकवलीय. त्यातली लिपी देवनागरीच, पण मुलं अडखळतात, कारण एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून आधी उभ्या रेघेसारखी येते. पडिमात्रा. काना समजून वाचलं की शब्दाचा चुथडा होतो. दहा मिनिटं गोंधळ चालतो, मग एका मुलीला युक्ती सापडते, आणि ती बोट ठेवून भरभर वाचायला लागते. बाकीचे तिच्याभोवती गोळा होतात. ताई काही बोलत नाहीत.

आता प्रत्येकाने एकेक ओळ लिहायची: आपलं नाव, गावाचं नाव, आजची तिथी. जुन्या वळणाने.

सकाळी विहिरीत वाकून बघणारा मुलगा माझ्या शेजारी आहे. जीभ दातांत धरून तो लिहितोय. बोरू कुरकुरतो, शाई जास्त येते, तो टिपून घेतो. सगळी ओळ झाल्यावर मान मागे घेऊन बघतो, आणि ताई नेमक्या तेव्हाच मागे येऊन उभ्या राहतात.

"वाच."

"ज्येष्ठ शुद्ध..."

"तू लिहिलंय ते वाच."

तो बघतो. एकाराची उभी रेघ द्यायचीच राहिलीय. कागदावर आहे ते ज्यष्ठ.

"देवीचा एक डोळा गेला," पलीकडून एक पोट्टा म्हणतो, आणि खोली हसते. मुलाचे कान लाल होतात. तो कागद चुरगाळायला जातो.

ताई त्याचा हात धरतात. सकाळची पोथी त्या पुन्हा मागवतात, पानं उलटत उलटत एक पान त्याच्यापुढे धरतात. ओळीच्या मधोमध पिवळा डाग. "हे काय आहे माहीत आहे? हरताळ. चुकलेल्या अक्षरावर फासायचे. विषारी असते, म्हणून तुम्हाला नाही देत." आपण रोज बोलतो ते हरताळ फासणं कुठून आलं, ते मीही आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघतोय. "आणि हे बघ, इथं."

दोन अक्षरांच्या मध्ये, ओळीच्या किंचित वर, पक्ष्याच्या पावलासारखी खूण. त्याच ओळीसमोर समासात एकच बारीक अक्षर.

"राहिलेलं अक्षर," ताई म्हणतात. "खुणेला हंसपद म्हणतात. त्याचंही राहिलं होतं."

मुलगा त्या खुणेकडे बराच वेळ बघतो. "त्याले कोणी रागावलं असंल का जी?"

ताईंना उत्तर सुचत नाही. बाहेर गजर वाजतो. या वेळी त्याची पाळी आहे. तो अर्धवट उठतो, पुन्हा बसतो, बोरू शाईत बुडवतो. ज्य-च्या आधी, अगदी जपून, हंसाचं एक पाऊल काढतो. समासात उभी रेघ. मग बोरू तसाच हातात घेऊन, शाईचे थेंब गाळत, हंड्याकडे पळत सुटतो.