ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा प्रभाव ओसरल्यानंतर : चांगले गाणे श्रोत्यापर्यंत कसे पोचते?

अभंग, पोवाडा, लावणी, ओवी हे वाङ्मयप्रकार आपण पुस्तकातून अभ्यासतो. परंतु ते मुळात गायिले जाणारे आहेत. त्यामुळे त्यांतील चांगले कोणते आणि ते आपल्याला कोणामुळे कळते, हा प्रश्न संगीताइतकाच वाङ्मयाच्या आस्वादाचाही आहे. प्रस्तुत विभागात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

कंपनी नेमके काय करीत असे?

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हापासून पुढे अनेक दशके भारतीय बाजारपेठेवर या कंपनीचे वर्चस्व राहिले. कंपनी तीन कामे एकत्र करीत असे : गायकाची निवड, तबकडीची निर्मिती व वितरण, आणि ‘हे ऐकण्याजोगे आहे’ अशी ग्वाही. यांपैकी तिसरे काम सहसा नजरेआड होते. तबकडीवरील कुत्र्याचे चित्र ही ग्राहकाच्या दृष्टीने एक प्रकारची शिफारसच होती. मात्र ही निवड निर्दोष नव्हती. तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर रंगणारा ख्याल किंवा रात्रभर चालणारा जागर तेवढ्यात बसविणे शक्य नव्हते. जे बसत नसे, त्याची तबकडी निघत नसे.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या काळातील कित्येक तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव मोठ्याने सांगतो. तबकड्या तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. हे गाणे कोणाचे, हे तेथील कारागिरांना कळावे म्हणून ही प्रथा पडली. गाण्यासोबत गाणाऱ्याचे नाव जाणे किती आवश्यक असते, हे पुढील विवेचनात पुन्हा दिसून येईल.

तबकडीवाचून पोचलेले गाणे

कंपनी नव्हती तर चांगले गाणे कळलेच नसते, असे मात्र म्हणता येणार नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरचेच आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ हे शाहू महाराजांच्या पदरी होते. त्यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. तरीही त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांच्या कंठातून रसिकांपर्यंत पोचली. कोल्हापुरातील देवल क्लबसारख्या संस्थांच्या बैठकींत श्रोता शेजारच्या जाणकाराच्या दादेवरून कोणती जागा दाद देण्याजोगी हे शिकत असे. ज्या केसरबाई ध्वनिमुद्रणाविषयी पुढे अतिशय सावध झाल्या, त्यांचीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली, हा दैवदुर्विलास म्हणावा की योग, हे ठरविणे कठीण आहे.

नभोवाणीचा अनुभव वेगळा आहे. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने अभिजात संगीताला प्राधान्य देऊन चित्रपटगीतांना आवर घातला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. निवडणाऱ्याची अभिरुची कितीही उच्च असो, श्रोत्याचा विश्वास नसेल तर तो केंद्र बदलतो. दुसरीकडे, आकाशवाणीच्या सांगली केंद्रासारख्या प्रादेशिक केंद्रांनी दक्षिण महाराष्ट्रातील भजन, शाहिरी व लोकगीते गाणाऱ्यांना जे स्थान दिले, ते मोठ्या कंपन्यांकडून क्वचितच मिळाले असते.

ध्वनिफीत व त्यानंतर

ऐंशीच्या दशकात स्वस्त ध्वनिफितीने कंपनीची मक्तेदारी मोडली. टी-सीरीज, व्हीनस यांसारखे नवे निर्माते पुढे आले. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते एस. टी. स्थानकावरील टपरीपासून यात्रेतील दुकानापर्यंत वाजू लागली. त्यानंतर आंतरजाल आले आणि निर्मिती व वितरण जवळजवळ विनामूल्य झाले. तथापि ‘कंपन्या संपल्या’ हे विधान अर्धसत्यच आहे. जुन्या गाण्यांचे हक्क आजही त्यांच्याकडेच आहेत, आणि टी-सीरीजची वाहिनी यूट्यूबवरील सर्वाधिक वर्गणीदार असलेल्या वाहिन्यांपैकी एक आहे. त्यांच्या हातून निसटली ती ग्वाही देण्याची मक्तेदारी.

ती जागा आता संगणकीय शिफारशीने घेतली आहे. तिचे तत्त्व समजण्यास सोपे आहे : ज्यांनी ‘अ’ हे गाणे ऐकले त्यांपैकी अनेकांनी ‘ब’ ऐकले असेल, तर ‘अ’ ऐकणाऱ्या नव्या श्रोत्यास ‘ब’ सुचविले जाते. गाण्याच्या गुणवत्तेचा निवाडा यात होत नाही. श्रोत्यांच्या सवयींची मोजदाद होते. ज्याला श्रोतेच नाहीत, ते गाणे कोणाशीच जोडले जात नाही.

शाहूवाडी तालुक्याचे उदाहरण घेऊ. पावनखिंड याच तालुक्यात आहे. बाजीप्रभूंचा पोवाडा भ्रमणध्वनीवर शोधला असता प्रथम येतो तो बहुधा अधिक वेळा वाजलेला. अधिक चांगला असेलच असे नाही. मलकापूर किंवा आंबा परिसरातील एखाद्या भजनी मंडळाने सप्ताहातील अभंग चढविला, तर त्याच्या शीर्षकात बहुधा गावाचे नाव व तारीख असते; गायकाचे, पखवाजवादकाचे, चालीच्या मूळ कर्त्याचे नाव नसते. मग तो शोधणार कसा? हॅनोव्हरच्या कारागिराची अडचण येथे श्रोत्याला येते. शिवाय स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास मानधन मिळणार नाही. दोनशे घरांच्या गावातील मंडळासाठी हा उंबरठा लहान नव्हे.

म्हणूनच आज चांगले गाणे शोधण्याचा अधिक भरवशाचा मार्ग, प्रस्तुत लेखकाच्या मते, नावांचा माग काढण्याचा आहे. एखादा अभंग आवडला तर तो कोणी रचला, चाल कोणाची, गायकाचे गुरू कोण, साथीला कोण, हे विचारीत जावे. प्रत्येक नाव पुढच्या गाण्याचे दार उघडते. कोल्हापूरच्या शाहिरीत पिराजीराव सरनाईक यांच्या नावापासून असा शोध सुरू करता येईल. हे काम पद्धतशीरपणे करणारी माणसेही आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेतील संग्राहकांनी जुन्या तबकड्यांचे तपशील जतन केले. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. या ओव्यांची तबकडी कोणत्याही कंपनीने काढली नसती. तेथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले असते, आणि त्यामुळे ती ओवी निनावी राहत नाही.

उपक्रम : आपल्या गावातील भजनी मंडळाकडून किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक अभंग वा ओवी ऐका. गाणाऱ्याचे नाव, रचनाकार, चाल कोणाकडून आली आणि ती कोणत्या प्रसंगी गायिली जाते, याची नोंद करा. नंतर तीच रचना आंतरजालावर शोधा आणि तेथे यांपैकी कोणती माहिती आढळत नाही, ते लिहा.