‘निगेटिव्ह’ म्हणजे काय, डॉक्टर?

माझ्या आत्याच्या मानेवर गाठ आली होती. सुईने पाणी काढून तपासणी झाली, रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, “निगेटिव्ह आहे. तीन महिन्यांनी परत दाखवा.” लगेच पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. आत्या घरी आली ती गप्पच. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही सुनांना जवळ बसवलं आणि आपल्या माघारी पाटल्या कुणी घ्यायच्या, बोरमाळ कुणी घ्यायची, ते सांगून टाकलं. निगेटिव्ह म्हणजे वाईट, एवढं तिला ठाऊक होतं. आणि काहीच झालं नसतं तर डॉक्टरांनी परत बोलावलं कशाला असतं? तिसऱ्या दिवशी मला फोन आला. मी रिपोर्टचा फोटो मागवला, ओळखीच्या डॉक्टरांना दाखवला. गाठ साधी होती.

त्या डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, सल्लाही बरोबर होता. तरीही एक बाई तीन दिवस मरणाची तयारी करत होती. तपासणीच्या खोलीत जे बोललं गेलं आणि आत्याने जे ऐकलं, त्यांत जे अंतर पडलं त्याबद्दल हा लेख आहे. हे अंतर गोड स्वभावाने भरून निघत नाही. त्यासाठी संवाद शिकावा लागतो, आणि तो टाके घालण्यासारखाच शिकवता येतो.

अठरा सेकंद

अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी 1984 साली डॉक्टर-रुग्ण भेटींच्या 74 ध्वनिफिती तपासल्या. “काय होतंय?” असं विचारल्यावर रुग्ण बोलू लागतो, तो सरासरी 18 सेकंदांत थांबवला जातो, असं त्यांना दिसलं. सुरुवातीचं म्हणणं पुरं करता आलं ते 74 पैकी फक्त 17 जणांना.

यावर प्रत्येक डॉक्टरच्या ओठावर एकच उत्तर असतं: बोलू दिलं तर पेशंट थांबतच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात हेही तपासून झालं. 335 रुग्णांना मधे न तोडता बोलू दिलं, आणि त्यांना त्यासाठी लागलं सरासरी दीड मिनिट. दहापैकी जवळपास आठ जणांचं म्हणणं दोन मिनिटांच्या आत संपलं. 2002 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीवर लावावा असं मला वाटतं.

अर्थात आपली अडचण खरी आहे. 67 देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेचा आढावा 2017 साली निघाला. त्यात स्वीडनमधल्या डॉक्टरची एक भेट सरासरी साडेबावीस मिनिटांची होती, बांगलादेशातली 48 सेकंदांची. भारत दोन मिनिटांच्या आसपास होता. ओपीडीबाहेर दीडशे केसपेपर ताटकळत असतील तर दोष एकट्या डॉक्टरचा नाही, अपुऱ्या मनुष्यबळाचा आहे. पण वेळ दोनच मिनिटं असेल, तर ती कशी वापरायची हे शिकणं जास्तच गरजेचं होतं.

त्यातून आपले रुग्ण आजार ज्या भाषेत सांगतात, ती पुस्तकात नसते. “जीव घाबरा होतो”, “कसंतरीच होतं”, “अंग मोडून आलंय”, “पोटात गोळा उठतो”. “जीव घाबरा होतो” म्हणणाऱ्याला हृदयविकार असू शकतो, रक्त कमी झालेलं असू शकतं, किंवा घरातली काळजी त्याला पोखरत असू शकते. “म्हणजे नेमकं काय होतं, कधी होतं?” एवढं विचारून क्षणभर थांबणारा डॉक्टर निदानाच्या जवळ पोहोचतो. ऐकून घेणं हा तपासणीचाच भाग आहे.

दुःखाची रंगीत तालीम

संवाद शिकवायचा तर सराव हवा, आणि सराव खऱ्या दुखणाईतावर करता येत नाही. यावर हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये वाट काढली. त्याने एका निरोगी स्त्रीला रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. पुढे 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची नवी पद्धत मांडली. त्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकेक काम प्रत्यक्ष करून दाखवतो. आजार समजावून सांगणं हेही त्यांतलं एक काम होऊ शकलं. जे परीक्षेत येतं तेच मुलं मन लावून शिकतात, हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको.

“अनुभवाने येतंच की बोलायला” हा समज मात्र जुना आणि चिवट आहे. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफील्ड यांनी 34 कर्करोग केंद्रांतल्या 160 तज्ज्ञांना घेऊन तो पारखला. हे सगळे वर्षानुवर्षं रुग्णांशी बोलत आलेले डॉक्टर. त्यांतल्या काहींना तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, आणि प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर नंतर मोकळे प्रश्न जास्त विचारू लागले, रुग्णाच्या भावनेला प्रतिसाद देऊ लागले. नुसत्या अनुभवाने जे साधलं नव्हतं, ते शिकवल्यावर साधलं.

आपल्याकडे एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात 2019 च्या तुकडीपासून वृत्ती, नैतिकता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. वैद्यकीय शिक्षणातला हा मोठा बदल आहे. पण हा तास इंग्रजी स्लाइड दाखवून उरकला, तर हाती काही लागणार नाही. विद्यार्थ्याने वॉर्डात मराठीत बोलायचं आहे, तर त्याचा सरावही मराठीत व्हायला हवा, आणि तोही लातूरच्या, चंद्रपूरच्या, सावंतवाडीच्या मराठीत.

वाईट बातमी सांगताना

या सरावात सर्वांत अवघड असतं ते वाईट बातमी सांगणं. ह्यूस्टनचे वॉल्टर बेल आणि टोरांटोचे रॉबर्ट बकमन यांनी सहकाऱ्यांसह 2000 साली त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. आधी निवांत जागा शोधा आणि बसा. रुग्णाला आतापर्यंत काय कळलंय ते विचारा. त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारा. मग साध्या शब्दांत, थोडं थोडं सांगा. त्यानंतर येणारं रडू, राग, सुन्नपणा येऊ द्या. शेवटी पुढे काय करायचं ते मिळून ठरवा. सहापैकी सांगण्याची पायरी चौथी आहे. घाईत आपण नेमक्या पहिल्या तीन गाळतो.

आपल्या घरांत तिसरी पायरी सर्वांत नाजूक. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो आणि म्हणतो, “बाबांना काही सांगू नका हं, ते खचतील.” त्यावर “रुग्णाला सांगणं माझं कर्तव्य आहे” असं सुनावलं तर मुलगा दुखावतो. “बरं” म्हणून मान डोलावली, तर बाबा शेवटपर्यंत एकटे पडतात. बहुतेक वेळा त्यांनी ओळखलेलंच असतं आणि मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प असतात. संवाद शिकलेला डॉक्टर आधी मुलाला विचारतो, “तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? त्यांनी स्वतःहून विचारलं तर काय सांगायचं?” मग बाबांना विचारतो, “तुमच्या आजाराची सगळी माहिती तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?” काही बाबा म्हणतात, मुलाशी बोला. काही म्हणतात, मला सांगा, शेतीचं बघायचंय. दोन्ही उत्तरांचा मान राखता येतो, पण त्यासाठी आधी विचारावं लागतं.

अवघड गोष्ट बोलण्याचं हे धैर्य डॉक्टर-नर्सच्या बोलण्यातही लागतं. रात्री दोन वाजता वरिष्ठांना उठवायचं म्हणजे नर्सच्या पोटात गोळा येतो, आणि मग ती “सर, पेशंट जरा बरा वाटत नाही” इतकंच म्हणते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत वापरली जाणारी निरोपाची एक रीत रुग्णालयांनी उचलली आहे: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. “आठ नंबरच्या पेशंटचं बीपी ऐंशीवर आलंय, दुपारी ऑपरेशन झालंय, आतून रक्त जात असावं, तुम्ही लगेच या.” या चार वाक्यांत नर्सला आपलं मत मांडायचा हक्क मिळतो आणि पेशंटला वेळ मिळतो.

संशोधकाचा कान

संशोधनात तर रुग्णाकडे मागायला जायचं असतं: त्याचं रक्त, त्याचा वेळ, त्याचा भरवसा. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या अनेक संमतीपत्रांवर आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने 2013 साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. तिथे कागद भरले गेले, पण विचारायचं राहून गेलं.

संमतीपत्राची भाषाही पाहा. ‘यादृच्छिक पद्धतीने गटनिवड’ हे पदवीधरालाही कळणार नाही. “कोणाला कुठलं औषध मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, ते डॉक्टरांच्या हातात नाही,” हे शेतमजुरालाही कळतं. “या अभ्यासात आला नाहीत तरी तुमचे उपचार बंद होणार नाहीत,” हे वाक्य तर तोंडाने, डोळ्यांत बघून म्हणायला हवं. वाचता न येणाऱ्या माणसासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, तो याचसाठी.

उलट उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. रुग्णालयात का येत नाही, असं त्यांनी गोंड लोकांना विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढरं कापड मढ्यावर घालतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखं बांधलं गेलं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे पाहायला मिनिटभर श्वास मोजावे लागतात, पण दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं यंत्र तयार झालं: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग त्यांनी केला, त्याने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. राणीताईंच्या पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. या कामाला याहून नेमका शब्द नाही.

परत सांगाल का?

या सगळ्यातून एकच गोष्ट उद्यापासून करायची झाली, तर ती ही: सांगून झाल्यावर “कळलं ना?” असं विचारू नका. त्यावर सगळे “हो” म्हणतात, न कळल्याची लाज वाटते म्हणून. “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काय सांगाल?” असं विचारा. चूक निघालीच तर ती सांगणाऱ्याची ठरते, ऐकणाऱ्याला कमीपणा येत नाही.

तीन महिन्यांनी मी आत्याबरोबर गेलो. या वेळी एक तरुण निवासी डॉक्टर होती. तिने मानेला हात लावून पाहिलं, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, “मावशी, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. वाढली तर कळावं म्हणून बोलावतो. आता घरी गेल्यावर सुनांना काय सांगाल?”

आत्या थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सांगेन, साधी गाठ आहे, नुसतं लक्ष ठेवायचंय. आणि पाटल्या अजून माझ्याच हातात राहणार आहेत.”