हृदयावरणाचा दाह

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण बरा होऊन घरी परतला, की कुटुंबीयांच्या जिवात जीव येतो. परंतु काही दिवसांनी त्याच्या छातीत पुन्हा दुखू लागले, तर दुसऱ्या झटक्याच्या शंकेने सर्वांची गाळण उडते. झटक्यानंतरची प्रत्येक वेदना दुसऱ्या झटक्याचीच असते असे मात्र नाही. काही वेळा तिचे मूळ हृदयाच्या आवरणात असते.

आपले हृदय एका पातळ, दुपदरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमधील थोडासा द्रव वंगणाचे काम करतो. त्यामुळे हृदयाची अखंड हालचाल घर्षणाविना चालू राहते.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीमुळे बंद पडली, की तेथील स्नायूंच्या पेशी मरू लागतात. त्या दूर करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धाव घेतात व त्या जागी सूज येते. ही शरीराने आरंभलेली दुरुस्तीच होय. इजा खोलवर असल्यास ही सूज लगतच्या आवरणापर्यंत पोहोचते. हा दाह झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत होतो.

याचा दुसरा प्रकार काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी आढळतो. विल्यम ड्रेसलर या डॉक्टरांनी १९५६ मध्ये त्याचे वर्णन केले. इजा झालेल्या स्नायूतील घटकांना परके समजून शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावरणावर उलटते, असे मानले जाते. या प्रकारात तापही येतो. हल्ली गुठळी विरघळवणारी औषधे व अँजिओप्लास्टी यांमुळे धमनी लवकर मोकळी करता येते. त्यामुळे हे दोन्ही प्रकार पूर्वीपेक्षा विरळ झाले आहेत.

ही वेदना बहुधा टोचल्यासारखी असते. दीर्घ श्वास घेतल्यास, खोकल्यास किंवा उताणे झोपल्यास ती वाढते. पुढे वाकून बसल्यास कमी होते. स्टेथोस्कोपने तपासताना डॉक्टरांना चामड्यावर चामडे घासल्यासारखा आवाज ऐकू येऊ शकतो. ईसीजी, रक्ततपासणी व इकोकार्डिओग्राफी यांच्या साहाय्याने निदान पक्के केले जाते.

उपचारांत मुख्यतः ॲस्पिरिन व आवश्यकतेनुसार कोल्चिसिन देतात. प्रमाण डॉक्टरच ठरवतात. इतर काही वेदनाशामक गोळ्यांमुळे हृदयाची जखम भरून येण्यास अडथळा होऊ शकतो. म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणून घेऊ नये. बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होतात. क्वचित आवरणात फार द्रव साचून हृदयावर दाब येतो. दम लागतो, रक्तदाब उतरतो. अशा वेळी सुईने तो द्रव तातडीने काढावा लागतो.

वरील लक्षणे माहीत असली, तरी घरच्या घरी निदान करणे धोक्याचे आहे. कारण दुसऱ्या झटक्याची वेदनाही कधी कधी अशीच भासते. झटक्यानंतर छातीत पुन्हा दुखू लागल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. जाताना आधीचे कागदपत्र व चालू औषधे सोबत घ्यावीत आणि वेदना केव्हा वाढते, केव्हा कमी होते, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.