उरलेल्या लोकरीचे पांघरूण



स्वेटर विणून झाला की थोडी लोकर उरतेच. ती पिशवीत पडून राहते आणि शेवटी गुंता म्हणून टाकली जाते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत, तसेच या उरलेल्या लोकरीचे चौकोन विणून व जोडून उत्तम पांघरूण होते. मात्र ते टिकायला हवे असेल तर काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

पहिले काम लोकरीची निवड. शुद्ध लोकर आणि ॲक्रिलिक एकाच पांघरुणात मिसळू नये. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळल्यास ते एकमेकांत अडकतात व विणकाम आटते. ॲक्रिलिक तसे आटत नाही. म्हणजे पहिल्याच धुण्यात काही चौकोन लहान होतात आणि शिवण ओढली जाते. कोणती लोकर कसली हे कळत नसेल, तर मोठ्यांनी धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. शुद्ध लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो व राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते. म्हणूनच ॲक्रिलिकचे पांघरूण घेऊन शेकोटी किंवा सिगडीजवळ बसू नये.

दुसरे काम चौकोन विणण्याचे. धागे साधारण एकाच जाडीचे घ्यावेत. मध्यम जाडीच्या लोकरीला ८ नंबरच्या (४ मि.मी.) सुया चालतात. कोपऱ्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. दोन टाके घाला. प्रत्येक ओळ सुलटच विणायची आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा. बाजू १५ सें.मी. भरली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून एकेक टाका कमी करत जा. शेवटचा टाका उरला की धागा कापून त्यातून ओढून घ्या.

यातून काटकोन कसा होतो? नुसत्या सुलट विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी असते. दोन ओळींत दोन्ही कडांना एकेक टाका वाढतो, म्हणून प्रत्येक कड ४५ अंशांत तिरपी जाते आणि कोपरा ९० अंशांचा होतो. टाके मोजावे लागत नाहीत, बाजू मोजली की पुरे. लोकर कमी असेल तर अर्ध्यावर, म्हणजे कर्णावर, रंग बदला. दोन रंगांचे दोन त्रिकोण दिसतील.

रुंदीत ६ आणि लांबीत ८ असे ४८ चौकोन जोडले की ९० बाय १२० सें.मी.चे लहान मुलाचे पांघरूण तयार होते. पहिला चौकोन तराजूवर तोलून पाहा. तो १५ ग्रॅम भरला तर एकूण ७२० ग्रॅम लोकर लागेल. जोडणी व किनारीची वेगळी. तोच चौकोन धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. रंग जातो का, माप बदलते का, हे तेव्हाच कळेल.

जोडताना सगळीकडे एकच गडद रंग वापरावा. निरनिराळे रंग त्याने एकत्र बांधले जातात. धाग्याची टोके गाठ मारून कापू नयेत. सुईने विणीत निदान ५ सें.मी. आत ओवावीत. पांघरूण बहुधा उसवते ते इथूनच.

हे काम एकट्याचे राहू नये. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या महिलांनी क्रोशाने विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण केले व गिनेस विक्रम नोंदवला. आपल्याला विक्रम करायचा नाही. पण वर्गातल्या ४८ मुलामुलींनी आजीकडून किंवा आईकडून शिकून एकेक चौकोन विणला, तर एका पांघरुणाची सोय होते. थंडी सुरू होण्याआधी ते गरजू मुलाच्या अंगावर जावे. ते दोन धुण्यांत उसवणारे असू नये, एवढी काळजी आपण घ्यायची.