चूल, कवेलू आणि झाप

वर्ध्याचा इतिहास सांगताना बैठका, ठराव आणि सत्याग्रह यांच्यापुढे आपण सहसा जात नाही. पण १९३४ ते १९४६ या काळात इथे तितक्याच गंभीरपणे आणखी एका गोष्टीचा विचार झाला, तो म्हणजे घर कसं चालवायचं याचा. चूल कशी असावी, दिव्यात कोणतं तेल घालावं, सकाळी चहाऐवजी काय प्यावं, पावसात मातीची भिंत कशी वाचवावी, अशा प्रश्नांवर देशातली मोठी माणसं इथे बसून डोकं खपवत होती. त्यांच्या मोठेपणाचा हा पुरावा मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

सुरुवात मगनवाडीत झाली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी त्यासाठी वर्ध्यातली आपली बाग व घर देऊन टाकलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडलं. कारभार जे. सी. कुमारप्पांकडे होता. लंडनला हिशेबनिसी आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस इथे तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांच्या पेट्यांत रमला. रॉकेलऐवजी गावच्या घाण्याचं तेल जाळणारा मगनदीप आणि धूर नळीतून बाहेर सोडणारी मगन चूल ही इथलीच देणगी. डिसेंबर १९३८ मध्ये मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं.

मगन चुलीमागचा विचार अगदी बरोबर होता, पण ती घरोघरी टिकली नाही. माझ्या मते याचं कारण जळणात आणि राबण्यात शोधायला हवं. आपल्याकडचं जळण म्हणजे कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीची तुऱ्हाटी. ते भसकन पेटतं, भरभर संपतं आणि सतत पुढे सारावं लागतं. धुराड्यात काजळी धरली की धूर पुन्हा घरात येतो, म्हणजे धुराडं वेळच्या वेळी साफ व्हायला हवं. शेतातून येऊन स्वयंपाकाला बसणाऱ्या बाईच्या कामात ही आणखी एक भर पडली. १९८३ नंतर सरकारनेही देशभर सुधारित चुली वाटल्या, तरी ही अडचण सुटली नाही. धूर खऱ्या अर्थाने घालवला तो गॅसने. हे मान्य करायला जड जातं, पण आयाबायांच्या डोळ्यांचा विचार केला तर गॅस आला ते चांगलंच झालं.

पेयाची गोष्ट याहून जुनी. दक्षिण आफ्रिकेत असतानाच गांधीजींनी आरोग्यावरच्या लेखांत चहा-कॉफीऐवजी भाजलेल्या गव्हाची कॉफी सुचवली होती. आजही ती घरी सहज होते. गहू निवडून, पुसून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. दाणा लाल होऊन काळसर व्हायला लागला की लगेच उतरवायचा, कारण त्यापुढे तो करपतो आणि कडू होतो. जाडसर दळायचं आणि कपाला चमचाभर पूड पाण्यात मिनिटभर उकळायची. दूध घालून भांडं खाली उतरवल्यावरच गूळ टाकावा. उकळत्या दुधात गूळ पडला की ते फाटतं. कॉफीची तरतरी हिच्यात नाही, पण खमंगपणा भरपूर आहे आणि रात्री झोप उडत नाही.

चूल आणि पेयानंतर आता घराकडे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. त्यांच्या शिष्या मीराबेन आधीच तिथे पोचल्या होत्या. (सेवाग्राम हे नाव पुढे, १९४० साली मिळालं.) आधी आदि निवास उभं राहिलं. नंतर मीराबेनसाठी बांधलेली झोपडी गांधीजींकडे आली आणि बापू कुटी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या भिंतींवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आजही दिसतो. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सगळं आसपासचं साहित्य आणि हातही गावच्या कारागिरांचे. १९७८ साली विचारवंत इव्हान इलिच इथे आले आणि या कुटीवरच बोलले.

या घराचं मर्म मला दुरुस्तीत दिसतं. मेअखेरच्या वादळात कवेलू सरकले, चार फुटले, तर ते बदलता येतात. बांबूचा झाप फाटला तर तेवढ्याच कामट्या काढून नव्या विणायच्या आणि कडा पुन्हा बांधून घ्यायच्या. लाकडी झडप बिजागरीपाशी निखळली तर स्क्रूच्या रुंदावलेल्या भोकात सरस लावून लाकडाची खुंटी ठोकायची आणि वाळल्यावर नव्याने स्क्रू बसवायचा. पावसात फुगलेल्या झडपेवर मात्र रंधा मारू नये. लाकूड दिवाळीपर्यंत सुकतं, आणि पावसाळ्यात तासलेली झडप मग हिवाळ्यात वाऱ्याने खडखडत राहते.

१९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं आणि मगनवाडीचा धागा पुन्हा हाती घेतला. कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकमेकांत अडकवून कमानीचं छप्पर करायची युक्ती इथे विकसित झाली. त्यात लाकूड वाचतं आणि कुंभारालाही काम मिळतं. एवढं चांगलं छप्पर जिल्ह्यात सर्रास का दिसू नये, याचं वाईट वाटतं.

साधे कवेलूही घरांवरून हटले, त्याला माकडंही जबाबदार आहेत. एक टोळी छपरावरून गेली की वर्षाची फेरणी, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा नीट बसवण्याचं काम, वाया जाते, आणि फेरणारे हातही कमी झाले. मग टिनं आली, पैसा आला तिथे स्लॅब पडला. मेच्या उन्हात टिनाखाली दुपारी बसवत नाही, म्हणून कूलर लागतो. वादळात टीन उडालं तर अख्खा पत्राच जातो आणि तो घरी घडवता येत नाही.

ज्यांच्या घरावर अजून कवेलू आहेत, त्यांनी यंदा मृग लागायच्या आत ते फेरून घ्यावेत. झाप फाटला असेल तर तो टाकून न देता बुरडाकडे न्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. एका हंगामाची फेरणी चुकली की मयालीत, म्हणजे छपराच्या तुळईत, पाणी मुरतं, आणि एकदा मयाल कुजली की त्या घरावर पुन्हा कवेलू चढत नाहीत.