कवळी बसवली, आता ती सांभाळा



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल हातात पडले, की आमच्या भागातली वडीलधारी मंडळी महिना-दोन महिने मुलांकडे जाऊन येतात. ओतूर-आळेफाट्याकडच्या माणसाला माळशेज घाट उतरला की मुरबाडवरून कल्याण जवळच. कुणाचा मुलगा डोंबिवलीला, कुणाची लेक ठाण्याला. तिथे गेले की मुले म्हणतात, "आबा, आता तरी दात बसवून घ्या." चार-पाच खेपांत कवळी तयार होते. कवळी तोंडात बसली, की आबा दुसऱ्याच दिवशी एस.टी. धरतात. घोटाळा होतो तो इथेच.

नवी कवळी म्हणजे नवी चप्पल. कुठे ना कुठे ती लागणारच. लागते तेवढी जागा डॉक्टर घासून देतात आणि काम भागते. पण त्यासाठी दोन-तीनदा जावे लागते. आमच्या एका वयस्कर सभासदांनी असेच केले. हिरडी सोलली, डोंबिवली लांब, म्हणून त्यांनी घरच्या कानशीने कवळी घासली. घासली ती जास्तच. कवळी ढिली झाली, ट्रंकेत गेली, आणि वर्षभर दूध-भाकरीच्या काल्यावर दिवस काढले. शेवटी पुन्हा नवी करावी लागली. पैसे दुप्पट गेले आणि प्रकृती खालावली ती वेगळीच. म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की कवळी मिळाल्यावर तीन आठवडे तरी मुलाकडेच मुक्काम ठेवा. शेत कुठे पळून जात नाही.

कवळी कशाची असते?

बहुतेक कवळ्या अॅक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. हे एकदा ध्यानात घेतले की निगा कशी राखायची ते आपोआप कळते. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते, म्हणून उकळू नये. कोरडी पडली तर आकार बिघडतो, म्हणून तोंडात नसेल तेव्हा ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. राखुंडी, मिश्री, दंतमंजन किंवा टूथपेस्टने घासली तर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण व बुरशी धरते. मऊ ब्रश आणि अंगाचा किंवा भांड्यांचा सौम्य साबण पुरे. रोज दोनदा घासावी, आतल्या बाजूनेही, आणि खळखळून धुवावी. कवळी साफ करायच्या गोळ्या दुकानात मिळतात. त्या वाटीतल्या पाण्यात टाकायच्या, तोंडात कधीच नाही. तारेचे आकडे असलेली कवळी ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवू नये, धातू गंजतो.

धुताना खाली अर्धी बादली पाणी ठेवा किंवा पंचा अंथरा. शहरातल्या फरशीवर हातातून निसटली की दोन तुकडेच. मोडलीच तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. सगळे तुकडे पुडीत बांधून डॉक्टरांकडे न्या.

रात्री काढायलाच हवी

"दात काढून झोपायला लाज वाटते," असे आमच्या भगिनी सांगतात. पण हिरडीलाही विसावा लागतो. रात्रंदिवस कवळी घातली तर तिच्याखाली बुरशी वाढते, टाळू लालभडक होते. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या पुढच्या पाचशेवर वृद्धांची पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. तेव्हा लाज बाजूला ठेवा. सकाळी कवळी घालण्याआधी हिरड्या, टाळू आणि जीभ मऊ कपड्याने पुसून घ्या.

प्रवासात आणि पंगतीत

घाटातल्या वळणांवर ओकारी येते आणि खिडकीबाहेर कवळीही जाते! ज्यांना गाडी लागते त्यांनी घाटाआधीच ती काढून डबीत ठेवावी. कागदात गुंडाळू नये. केर म्हणून फेकली जाते.

तीन-चार दातांची छोटी कवळी ढिली झाली असेल तर विशेष जपा. घासाबरोबर ती गिळली जाऊ शकते, आणि अॅक्रिलिक एक्स-रेत सहसा दिसत नाही. ऑपरेशनला नेण्याआधी कवळी आहे हे डॉक्टरांना सांगा.

खाण्याचे म्हणाल तर आधी मऊ भात-वरण, मग पोळी, मग भाकरी. घास लहान, आणि दोन्ही दाढांनी चावायचा. उसाचे कांडे मात्र कवळीने सोलू नये. आपण ऊसवाले असलो तरी रसावरच समाधान मानावे.

हे दुखणे अंगावर काढू नका

दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, पहिल्या वर्षी जास्त. म्हणून नीट बसणारी कवळीही पुढे सैल होते. तेव्हा आतून अस्तर भरून मिळते, दरवेळी नवी लागत नाही. दात नाहीत म्हणून तपासणी नको, असे समजू नका. वर्षातून एकदा तोंड दाखवाच. कवळी लागून झालेली जखम ती काढून ठेवल्यावर भरून येते. दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा राहिला, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. मिश्री-तंबाखूवाल्यांनी तर एक दिवसही दवडू नये. "कवळी लागते, दुसरं काय," असे म्हणत कर्करोग वाढू दिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सी.एस.एम.टी. स्थानकाजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. खेपा जास्त पडतात, पण खर्च कमी येतो. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने जाता येते.

आपण बैलाचे दात पाहून बैल घेतो. आपल्या स्वतःच्या तोंडाकडेही तेवढेच लक्ष द्यावे, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती.